दिवटी वेगळी, बुधली वेगळी

ठाण्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. जानेवारीत जोडून आलेल्या सुट्टीत त्यांच्या सोसायटीतली सहा कुटुंबं भंडारदऱ्याला तलावाकाठी तंबूत राहायला जाणार आहेत. लहानमोठी धरून चोवीस माणसं, त्यात नऊ पोरं. ताईंच्या यजमानांनी ऑनलाइन सहा बांबूच्या मशाली मागवल्या आहेत. वर तेलाचा पत्र्याचा डबा, त्यातून बाहेर आलेली जाड वात आणि खाली जमिनीत रोवायला टोक. पोचेपर्यंत अंधार पडेल, तेव्हा तेल भरत कोण बसणार, म्हणून मशाली घरूनच भरायच्या, तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावायचं आणि डिकीत आडव्या टाकायच्या, असा बेत ठरला आहे. शिवाय पाच लिटर तेल पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांतून न्यायचं. तिन्ही गाड्यांत जागा उरली नाही तर कसारा लोकलने येणारी चार कॉलेजची मुलं दोन मशाली आणि एक बाटली घेऊन येतील. दिरांचं म्हणणं, रॉकेलमध्ये थोडं पेट्रोल घाला, पटकन पेटतं. सासरे म्हणतात, कशाला ते, गोडं तेल घाला.

ताई पुढे लिहितात, की लहानपणी शेजारच्या घरात त्यांनी स्टोव्हचा भडका पाहिला आणि तेव्हापासून रॉकेलचा नुसता वास आला तरी छातीत धडधडतं. घरात सगळे त्यांना भित्री म्हणतात. "मशाली सुरक्षित कशा न्यायच्या ते सांगा, आणि मी उगाचच घाबरतेय का तेही सांगा," असं पत्राच्या शेवटी आहे.

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेतो. नाही, तुम्ही उगाच घाबरत नाही. स्टोव्हचा भडका ज्याने पाहिलाय त्याला रॉकेलची जी ओळख असते, ती कॅटलॉगमधला फोटो बघून मशाली मागवणाऱ्याला नसते. पण तुमच्या भीतीचंही सगळं ऐकू नका, कारण तिचं म्हणणं एकच असणार: मशाली नकोतच. मी तसं म्हणणार नाही. तंबूपुढे मशाल लावून बसण्यात जी गंमत आहे ती मी अनेकदा घेतली आहे, यजमानांना ती हवीशी वाटते यात काही चूक नाही.

मात्र पत्र वाचताना एक गोष्ट खटकली. तुमचा आणि यजमानांचा वाद कसा न्यायचं यावर आहे, पण मशाल आणि तेल ही एकच वस्तू आहे हे दोघांनीही धरूनच चाललंय. ती एकत्रच निघाली पाहिजेत आणि एकत्रच पोचली पाहिजेत, असं का?

जेजुरीला गेला असाल तर खंडोबाची दिवटी पाहिली असेल, कदाचित तुमच्या देव्हाऱ्यातही असेल. दिवटीच्या वरच्या खोलगट तोंडात कापडाचा घट्ट पीळ बसवतात. तिच्या जोडीला बुधली, म्हणजे अरुंद तोंडाचं, गळ्याशी चिमटलेलं तेलाचं छोटं भांडं. जागरणात दिवटी हातात पेटलेली असते आणि तेल बुधलीतून लागेल तसं, धार न धरता, थोडं थोडं त्या पिळावर सोडतात. दोन्हींचं नाव एका दमात घेतलं जातं, दिवटी-बुधली, पण भांडी दोन. जो जिन्नस पेटायचा आहे त्याच्या पोटात तेलाचा साठा ठेवायचा नाही, ही अक्कल त्या जोडीत आहे. तुमच्या बांबूच्या मशालीत मात्र साठा थेट वातीच्या खाली आहे. जमिनीत उभी रोवली असेल तोवर ते चालतं. प्रवासात तिला पुन्हा दिवटी-बुधली करायची, म्हणजे तेल एकीकडे आणि मशाल दुसरीकडे. माझ्या उत्तराचा निम्मा भाग इथेच संपतो.

आता भरलेली मशाल डिकीत आडवी टाकली तर काय होतं ते बघा. तेल वर खेचणं हे वातीचं काम आहे आणि ते करताना मशाल पेटलेली आहे की नाही हे ती बघत नाही. आडव्या डब्यात तेल सरळ तोंडाशी येतं, वात भिजते, ठिबकायला लागते. तुमची पिशवी आणि रबर ते अडवत नाही, साठवतं. कसारा घाट चढताना वेफर्सची पाकिटं टम्म फुगलेली पाहिली असतील ना? बाहेरची हवा विरळ झाली, आतली तेवढीच राहिली, म्हणून ती फुगतात. तेलाच्या डब्यातली हवाही तशीच बाहेर पडायला बघते आणि जाताना वाटेतलं तेल ढकलते. इगतपुरीला चहाला थांबाल तेव्हा डिकी उघडून बघा. सतरंजीवर ओला डाग असेल आणि मागच्या सीटवरचं एखादं पोर डोकं दुखतंय म्हणत असेल.

डाग निघेल. वाफेचं तसं नाही.

तेलाची वाफ किती तापमानाला इतकी होते की ठिणगी मिळताच पेट घेईल, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा तो उणे चाळीस अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही थंडीत पेट्रोल पेटायला तयारच असतं. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. आता तुमची गाडी दुपारच्या उन्हात, काचा बंद करून, ढाब्याच्या पटांगणात तासभर उभी आहे असं समजा. जानेवारी असला तरी आत ३५ च्या वर जायला वेळ लागत नाही, आणि मे महिन्यात तर पन्नाशी सहज ओलांडते. घरात शांत वाटणारं रॉकेल त्या डिकीत शांत राहिलेलं नसतं. आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी डिकीला टेकून सिगारेट ओढत असतो.

त्यामुळे दिरांच्या 'थोड्या पेट्रोल'ला माझं उत्तर सरळ नकार आहे, त्यात वाटाघाटी नाहीत. पेट्रोल थोडं घातलं की धोका थोडाच वाढतो असं होत नाही. मिश्रणाची वाफ पेट्रोलच्या चालीने चालते. ती हवेपेक्षा जड असते, त्यामुळे जमिनीलगत पसरत उताराने खाली जाते आणि खाली चूल असली तर तिथून ज्वाळा घेऊन परत येते. पेट्रोल पटकन पेटतं हे दिरांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, म्हणूनच ते नको.

सासऱ्यांचं म्हणणं मात्र निम्मं बरोबर आहे, आणि ते त्यांना सांगा, बरं वाटेल. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं गोडं तेल तीनशे अंशांच्या आसपास तापवावं तेव्हा त्याची वाफ पेटण्याजोगी होते. न्यायला त्याच्याइतकं सुरक्षित तेल नाही, स्वयंपाकाच्या सामानात जाईल. अडचण अशी, की ते जाड असतं. पणतीत वात तेलात जेमतेम बोटभर बुडलेली असते म्हणून जमतं. बांबूच्या मशालीची वात लांब, तेल डब्याच्या तळाशी. जाड तेल तेवढं वर चढत नाही, आणि मशाल पाच-दहा मिनिटं तेवते, मग नुसती वातच जळून धूर करते. म्हणून गोडं तेल चिंध्या गुंडाळलेल्या जुन्या धाटणीच्या मशालीला, जिथे तेल वरून सोडतात. बांबूच्या मशालीसाठी मशालींचंच म्हणून बाटलीबंद तेल मिळतं ते घ्या. आणताना बाटलीवरचा फ्लॅश पॉइंट वाचा. ६० अंशांच्या वरचं असेल तर रॉकेलपेक्षा बरंच निवांत. गवती चहाच्या जातीचा वास घातलेलं, डास पळवणारं म्हणूनही एक मिळतं. वास छान असतो. तलावाकाठी वारा असताना डास किती पळतील याची मला फारशी आशा नाही, पोरांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि अंगाला मलम लावा.

आणि पाच लिटर कशाला? अशा मशालीचा डबा साधारण ३५० मिलीचा असतो आणि चार-पाच तास चालतो. सहाही मशाली काठोकाठ भरल्या तरी जेमतेम दोन लिटर लागतात. तुम्ही जेवणापासून गप्पा आटपेपर्यंत, म्हणजे तीन तास पेटवणार. सव्वा-दीड लिटरमध्ये काम होतं. दोन लिटर न्या. उरलेले तीन लिटर म्हणजे सुरक्षित कसे न्यायचे यावर डोकं खाजवायचं तीन लिटर, आणि ते न आणणं हा त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय.

आता बाटल्या. सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त भीती वाटली ती पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची, आणि तुम्ही तो उल्लेख जाता जाता केलाय! भडक्याची भीती तुमच्या मनात आहेच, हिची नव्हती. रॉकेल पांढरं असेल तर पाण्यासारखं दिसतं, मशालीचं तेल पिवळसर असेल तर सफरचंदाच्या रसासारखं. नऊ पोरं, खेळून आलेली, तहानलेली, तंबूत अंधार, हाताला बिसलेरीची बाटली. आपल्याकडे लहान मुलांच्या पोटात रॉकेल जातं ते बहुतेक असंच, पाण्याच्या बाटलीतून. एक घोट गेला तरी खरा धोका पोटाला नसतो, फुप्फुसाला असतो: ठसका लागून तेल श्वासनलिकेत उतरतं. म्हणून तेल प्यायलेल्या मुलाला कधीही ओकारी काढायला लावायची नाही, घशात बोटं घालायची नाहीत, मीठपाणी पाजायचं नाही. मूल बरं दिसत असलं तरी तडक दवाखाना. १०८ ला फोन करा, आणि तेलाची बाटली सोबत घेऊन जा म्हणजे डॉक्टरांना विचारत बसावं लागणार नाही.

तेव्हा तेल त्याच्या मूळ बाटलीतच न्या. सुटं घेतलं असेल तर स्क्रूचं झाकण आणि आत वायसर असलेला जाड प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा कॅन घ्या. वरून लाल रंगाने मोठ्या अक्षरांत 'तेल – पिऊ नये' लिहा, आणि वाचता न येणाऱ्या पोरांसाठी कवटीचं चित्र काढा. हे काम पोरांनाच द्या, ती आवडीने करतील आणि आपण काढलेलं विसरणार नाहीत. कॅन गळ्यापर्यंत भरू नका. तापमान तीसएक अंशांनी चढलं तर दोन लिटर रॉकेल साठ मिलीच्या आसपास फुगतं, त्याला आत जागा हवी. झाकण लावून कॅन रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर आडवा ठेवा. सकाळी कागदावर तेलकट वर्तुळ उमटलं असेल तर तो कॅन बाद. आदल्या रात्रीची ही चाचणी निघायच्या दिवशीच्या दहा सल्ल्यांपेक्षा कामाची.

गाडीत तो कॅन उभाच राहायला हवा. भाजीचं प्लास्टिकचं क्रेट घ्या, तळाशी दोन-तीन इंच कोरडी वाळू, त्यात कॅन रुतवून बाजूने आणखी वाळू. वाळू कॅनला हलू देत नाही, गळलं तर पिऊन घेते, आणि मुक्कामावर हीच वाळू आग विझवायला हाताशी राहते. लाकडाचा भुसा, जुनी गोधडी, चिंध्या नकोत, त्या तेल पितात खऱ्या, पण मग स्वतःच वात होतात. क्रेट सीएनजीची टाकी असलेल्या गाडीत ठेवू नका. तुमच्या तीन गाड्यांपैकी एक तरी सीएनजी असणारच, तिला या कामातून सुट्टी. सात आसनी गाडीत मागच्या रांगेत पोरं बसणार असतील तर तीही नको, कारण तिथे डिकी म्हणजे त्यांच्या मानेमागची जागा. ज्या गाडीत मोठी माणसं आहेत, सिगारेट ओढणारं कोणी नाही, आणि काच दोन बोटं खाली ठेवायला कुणाची हरकत नाही, ती गाडी. टपावर कॅरियरला बांधू नका, तिथे ऊन थेट बसतं. चहाला थांबाल तेव्हा सावली बघा.

मशाली मग निवांत जातात. डबे बांबूतून काढा, कोरडे आहेत ना ते बघा, वाती सुट्या कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा. उरल्या चार-पाच फुटी काठ्या, त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. करकचून ब्रेक लागला की टोकदार काठी सीटांच्या मधून पुढे येते आणि तिचा भाला होतो. टोकं डिकीच्या दाराकडे करा, त्यांवर जुने मोजे चढवा आणि सहाही काठ्यांची मोळी बांधून सीटच्या पायाला अडकवा.

कसारा लोकलचं मात्र विसरा. कोरड्या, कोऱ्या काठ्या मुलांनी नेल्या तर प्रश्न नाही, गर्दीत लोक शिव्या देतील एवढंच. तेलाचा एक थेंबही नाही, आणि आधी पेटवलेली, तेलाने माखलेली मशालही नाही. रेल्वे कायदा १९८९ प्रमाणे पेटणारे पदार्थ असे घेऊन डब्यात चढणं हा गुन्हा आहे. कलम १६४ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय काही नुकसान झालं तर भरपाई अंगावर. कायदा बाजूला ठेवला तरी ऑगस्ट २०२३ मधली मदुराईची घटना आठवा. लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा खासगी डबा यार्डात उभा होता, आत चहा-नाश्त्यासाठी लपवून आणलेला सिलिंडर होता. नऊ माणसं गेली. त्यांतल्या कुणालाही वाटलं नसेल की आपण काही मोठा गुन्हा करतोय, सकाळचा चहाच तर करायचा होता. आणि गर्दीच्या लोकलमधून उडी मारायलाही वाट नसते. एसटीचंही तेच, तिथे कंडक्टरची नजर चुकवून कॅन चढवणं ही हुशारी नव्हे. परदेशातून हे वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य: विमानात तेल तर नाहीच, पण वापरलेली, तेलाचा वास येणारी मशालसुद्धा सामानातून बाहेर काढतात, तिकडे पोचून नवीन घ्या.

आता येतो तो भाग, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. परतीचा प्रवास.

जाताना सगळे सावध असतात. यादी असते, उत्साह असतो, तुमच्यासारखं कोणीतरी मागे लागलेलं असतं. येताना रात्रीचं जागरण, उरलेलं पिठलं, ओले तंबू, 'चला चला, ट्रॅफिक लागेल'. मशाली अर्ध्या भरलेल्या, वाती भिजलेल्या, डब्याच्या कडेला काजळी, झाकणं गवतात हरवलेली. आणि अर्धा डबा भरलेल्यापेक्षा बरा नव्हे, कारण रिकाम्या जागेत वाफच असते. एका हिवाळ्यात आम्ही आठजण अशाच एका मुक्कामावरून जीपने परतत होतो. मीच शहाणा, मशालींचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळून गोधड्यांच्या मध्ये खुपसले होते, ठोकर लागू नये म्हणून. घाट उतरायला लागलो तशी पहिली उलटी मागच्या सीटवरून झाली, दुसरी तिच्या शेजारी. वाटलं, वळणं लागली. खाली येऊन सामान काढलं तेव्हा कळलं, दोन गोधड्यांनी जवळजवळ पाव लिटर तेल पिऊन टाकलं होतं आणि त्यांच्या शेजारच्या पिशवीत चूल पेटवायचा लायटर होता. काही झालं नाही. झालं नाही म्हणूनच मी ही गोष्ट इतकी वर्षं विनोद म्हणून सांगत आलो. तुमचं पत्र वाचून पहिल्यांदाच ती मला विनोदी वाटली नाही.

तेव्हा रात्रीच ठरवून टाका, की तेल परत न्यायचं नाही, किंवा न्यायचं तर कॅनमध्येच. मशालीत पुन्हा तेल घालू नका, आहे ते जळू द्या. विझवताना फुंकू नका, झाकणाने गुदमरवा. सकाळी डबे गार असताना उरलेलं तेल नरसाळ्याने कॅनमध्ये ओता. वाती बोटांनी नव्हे, कागदात धरून पिळा आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, बिस्किटांचा जुना डबा चालतो. तेलकट कागद चुलीत जाळून टाका, गठ्ठा करून डिकीत नेऊ नका. तलावात किंवा गवतात तेल ओतून 'सोय' करणाऱ्यांना मी पाहिलंय, त्या तलावाचं पाणी खालच्या गावांची गुरं पितात. उरलं तर तंबूवाल्याला द्या, पण सांगून आणि कॅनसकट.

वाटेत तेल न्यायचंच नाही असाही एक मार्ग आहे. बहुतेक तंबूवाल्यांकडे मशाली किंवा चूल पेटवायची सोय असते. आधी फोन करून विचारा, "तेल तुमच्याकडे मिळेल का, आणि मशाली लावू देता का?" दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे आणि बराच भाग त्यातच येतो. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा जळती सोडायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३० मनाई करतं. खासगी शेतात रोवलेली मशाल आणि तिच्यापासून दहा पावलांवरचं अभयारण्याचं गवत यांत वारा भेद करत नाही. जानेवारीत तिथलं गवत गुडघाभर आणि कुरकुरीत झालेलं असतं. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात अडकून वीसहून जास्त ट्रेकर गेले. तिथे आगीने मारलं त्याआधी वाळलेल्या गवताने आणि उताराने कोंडलं होतं.

जागेवरचं थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही प्रवासाचं विचारलंय. मशाल तंबूपासून किमान वीस पावलं आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, नायलॉन ठिणगीने वितळतं. भोवतालचं हातभर गवत खरवडून टाका. आणि पेटलेल्या किंवा नुकत्याच विझलेल्या मशालीत तेल घालायचं नाही. तुमच्या शेजारच्या स्टोव्हचं काय झालं होतं हे मला माहीत नाही, पण गरम भांड्यात तेल ओतणं आणि भडका उडणं ही जोडी फार जुनी आहे. संध्याकाळी उजेडात एकदाच भरा, रात्री पुन्हा नाही. यजमानांच्या 'अंधारात तेल कोण भरणार' या शंकेचं समाधान याने होतं: चार वाजता निघण्याऐवजी दोनला निघा. वाळूचं क्रेट आणि दोन किलोचं पावडरचं अग्निशामक मशालींजवळ ठेवा. तेलाच्या आगीवर पाणी मारू नका. कुणाला भाजलंच तर वीस मिनिटं गार पाणी, वाहतं मिळालं तर उत्तम, आणि बांगड्या-अंगठ्या लगेच काढा. टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही.

ज्यांना बांबूच्या मशालीशी देणंघेणं नाही पण शिवजयंतीला गडावरून ज्योत आणायची आहे, त्या मंडळांनी हे पत्र आपलंही समजावं. तुमचा टेम्पो म्हणजे धावत्या पोरांमागे चालणारा तेलाचा साठा. बहुतेक ठिकाणी कॅन, चिंध्यांचं पोतं आणि दमलेल्या पोराच्या हातातली पेटती मशाल एकाच हौद्यात असतात. ज्योत बदलताना टेम्पो थांबवा. पेटती मशाल हौद्यात चढूच द्यायची नाही. विझू नये म्हणून एक ज्योत मोटरसायकलमागे धावणाऱ्याच्या हाती राहू दे, हौद्यात उजेडाला बॅटरीचा कंदील ठेवा. तेल पाच लिटरच्या एका कॅनऐवजी लिटरच्या पाच डब्यांत ठेवा आणि एका वेळी एकच उघडा. चिंध्या सुतीच घ्या. नायलॉनची जुनी साडी वितळून हातावर गळते, तो डाग जन्मभर राहतो. जवसाच्या तेलात भिजवलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या बोळ्यात आपसूक तापून पेटतात, काडी लागत नाही. गोडं तेल किंवा करंजाचं तेल इथे सर्वांत चांगलं.

शेवटी, ताई, मशाली हव्यातच का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे, पण ते 'मला भीती वाटते' अशा सुरात विचारू नका, मग सगळे हसतील आणि प्रश्न बुडेल. असं विचारा: सहा का? तंबूंच्या वाटेवर पोरं ठेचकाळू नयेत म्हणून उजेड हवा असेल तर बॅटरीचे कंदील मशालींहून चांगले, ते तंबूतही नेता येतात आणि विझवावे लागत नाहीत. गप्पांच्या बैठकीला शोभा हवी असेल तर दोन मशाली पुरतात. सहा मशालींनी तलावाकाठ लग्नाच्या हॉलसारखा दिसतो, आणि जानेवारीत त्या आकाशात डोक्यावर मृग असतो, तो कुणाला दिसत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी काजवे बघायला याच परिसरात जाणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगेन, तेव्हा मशाल नकोच. काजव्याचा नर चमकून मादीला खुणावतो, तुमच्या उजेडात ती खूण हरवते.

माझ्या मते दोन मशाली, मग तेलही लिटरभरच, वाळूचं क्रेट आणि बारा कंदील, एवढ्यात सगळ्यांचं भागतं. यजमानांची हौस होते, सासऱ्यांच्या तेलाने देव्हाऱ्यातली दिवटी पेटते, दिरांना अग्निशामक सांभाळायचं काम द्या, मोठं काम आहे म्हणून ते खूश राहतील. तेल आणि मशाली वेगवेगळ्या गाडीत. काडेपेटी आणि लायटर तिसऱ्या गाडीत, तुमच्या पर्समध्ये. संध्याकाळी तुम्ही काढून दिल्याशिवाय कुणालाच काही पेटवता येणार नाही.